कडेची पात

माझ्या सासूबाईंना आजूबाजूच्या सगळ्या शिवारात अंगठेबहाद्दर म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, बाईंना सही येत नसेल. तसं काही नाही. सही त्या अशी ऐसपैस करतात की दुसऱ्याला कागदावर जागा उरत नाही. नाव पडलं ते निंदणीवरून. भाताच्या शेतात वाकून हाताने तण काढायचं, ती निंदणी, आणि त्या कामात त्यांच्या उजव्या अंगठ्याने एकदा निकाल दिला की त्यावर अपील नाही. सासऱ्यांनी थट्टेने ठेवलेलं नाव. ते गेले, नाव मागे राहिलं, आणि कुणी त्या नावाने हाक मारली की सासूबाई अजून थोड्या लाजतात.

अंगठ्याचं काय एवढं, असं मलाही लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं. मग पहिल्याच निंदणीला मी उत्साहाने एक मूठ उपटली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मुठीवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "छान. आपलं जेवण उपटलंस."

भातात एक गवत उगवतं, ते हुबेहूब भातासारखं असतं. तोच रंग, तीच उंची, तोच डौल. फुलोऱ्यावर आलं की कुणालाही ओळखू येतं, पण तोवर त्याने सगळं खत खाऊन झालेलं असतं. ओळखायची खूण एकच. पान जिथे दांड्याला मिळतं तिथे भाताला पातळशी जीभ असते आणि दोन बाजूंना केसाळ कान. त्या गवताला ना जीभ, ना कान. सांधा अगदी गुळगुळीत. सासूबाईंनी माझा अंगठा धरून त्या सांध्यावर टेकवला होता. "लागली का जीभ? लागली ना? मग हा घरचा. मुकं आणि बहिरं असेल ते तण." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणून तर आपण शेतात एवढ्या बडबडतो. भात ऐकतं."

बडबड म्हणाल तर आमच्या टोळीत तिचा तोटा नव्हता. निंदणीला जाऊन निंदा केली नाही तर तण निघत नाही, असं आमच्या रेडिओचं म्हणणं. रेडिओ म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातली काकू. सकाळी सुरू होते ती अंधार पडला की बंद. दुसरी एक्सप्रेस. तिला कायम कुठेतरी पोचायचं असतं आणि ती कुठेच जात नाही. तिसरी शिंपीण, जी पावसाळ्याबाहेर घरी मशीनवर कपडे शिवते आणि बोलते इतकं कमी की रेडिओला ती फार आवडते. चौथी मी. आणि सगळ्यांच्या पुढे सासूबाई. पूर्वी ही टोळी बांधापासून बांधापर्यंत पुरेल एवढी मोठी होती म्हणे. मग शहरात शिवणकामाचे कारखाने निघाले, तिथे पंख्याखाली बसायला मिळतं, पायांना चिखल्या होत नाहीत, आणि बायका एकेक करून तिकडे गेल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर पाण्यात वाकून कुणाची कंबर हसली आहे?

पण तण काही कारखान्यात गेलं नाही. ते सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी उगवतं, आणि सगळ्यांना बायका एकाच आठवड्यात हव्या असतात. त्या दिवसांत सासूबाईंच्या दारात माणसं अशी येऊन बसतात, जणू घरात लग्नाची मुलगी आहे. "मावशी, आमच्याकडे आधी." आमच्या टोळीलाच एवढी मागणी का, तर सासूबाईंच्या हाताखालून गेलेल्या शेतात पुन्हा उतरावं लागत नाही. त्या कुणाला आधी, कुणाला नंतर ते ठरवतात, शब्द देतात, आणि आमचं स्वतःचं शेत सगळ्यांच्या शेवटी धरतात. यावरून माझा नवरा दर वर्षी कुरकुरतो आणि दर वर्षी त्या त्याला अंगठा दाखवतात.

आता पात काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेतात उतरताना प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. सगळ्या एका ओळीत वाकतात आणि आपापली पात काढत पुढे सरकतात. बांधालगतची पहिली, ती कडेची पात. ती धरणारी बाई सगळ्यांचा वेग ठरवते, तिच्याकडे बघून बाकीच्या चालतात. कडेची पात सासूबाईंची, सासूबाईंच्या आधी त्यांच्या सासूबाईंची. नवीन, हळू किंवा आजारातून उठलेली बाई मधल्या पातीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोघींचं लक्ष राहतं. मी पहिली दोन वर्षं मधेच होते.

आणि सासूबाईंचा नियम असा की सगळ्यांच्या पाती संपल्याशिवाय बांधावर कुणी चढायचं नाही. जिची आधी संपेल तिने वळायचं आणि जी मागे आहे तिच्या पातीला पलीकडून लागायचं. दोघी समोरासमोर येतात, मधलं तण संपतं, झालं. त्यात सगळ्यात मोठी अट ही की मागे राहिलेल्या पातीचं नाव घ्यायचं नाही. कोण मागे होती, कुणी कुणाला ओढली, हे बांधावर चढल्यावर कुणी काढायचं नाही. थट्टेतसुद्धा नाही. रेडिओ जगातल्या कुठल्याही विषयावर बोलते, पण माझी पात दोन वर्षं रोज कुणीतरी ओढली आणि ते तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

यंदा माझ्या नवऱ्याने डोकं चालवलं. तो टेम्पो चालवतो, त्यामुळे त्याला सगळीकडच्या बातम्या आधी कळतात आणि अर्ध्याच कळतात. रोपं करून ती चिखलात लावायला बायका मिळत नाहीत, तर बी सरळ चिखलात फेकून द्यायचं, असं कुणीतरी त्याला सांगितलं. लावणीची मेहनत वाचली, हे खरंच. पण लावलेलं रोप तणापेक्षा वयाने मोठं असतं, दांडगाई करू शकतं. फेकलेलं बी आणि तण एकाच दिवशी जन्माला येतात. शिवाय ओळी नाहीत, त्यामुळे ढकलत तण काढायचं यंत्र आत शिरत नाही. नवऱ्याने औषध फवारलं. थोडं तण मेलं, आणि जे उरलं ते नेमकं ते बिनजिभेचं, भाताच्या गळ्यात गळा घालून उभं. लावणीतली वाचलेली सगळी मेहनत व्याजासकट निंदणीत आली.

"आई, यंदा आपलं शेत आधी घे," तो म्हणाला.

"शब्द दिलाय," सासूबाई म्हणाल्या.

"शब्द खाऊन पोट भरणार आहे का वर्षभर?"

"तू बी फेकताना मला विचारलं होतंस?"

त्याने तोंड फिरवलं. मग दाराशी जाऊन वळून म्हणाला, "हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तू घरी बसायचंस. आता तुझं वय झालंय, आणि दिसतंय तरी कुठे तुला नीट."

हे शेवटचं वाक्य तो रागात बोलला, पण ते घरात तसंच पडून राहिलं. कारण ते खरं होतं आणि आम्ही दोघी ते मुद्दाम बोलत नव्हतो. सासूबाईंना लांबचं दिसायचं, जवळचं नाही. सुईत दोरा मी ओवायची. पेपर त्या हातात धरायच्या आणि बातम्या मला वाचायला लावायच्या, वर म्हणायच्या, तुझा आवाज चांगला आहे. चष्मा आणला होता, तो चिखलात पडतो म्हणून घरीच राहायचा. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, काढून टाकू. सासूबाई म्हणाल्या, कापणी झाल्यावर बघू. मला मात्र केव्हाच कळलं होतं की शेतात त्या डोळ्यांनी काही बघतच नाहीत. नजर समोर कुठेतरी, आणि अंगठा खाली आपलं काम करतोय.

आणि नेमका तोच अंगठा दगा देऊन बसला. सतत पाण्यात हात, त्यात नखाच्या कडेला काहीतरी टोचलं, आणि नखुरडं झालं. अंगठा वांग्यासारखा सुजला. नर्सने चीर दिली, पांढरी पट्टी गुंडाळली, वर प्लॅस्टिक बांधलं आणि बजावलं, "मावशी, हा हात पाण्यात गेला तर माझ्याकडे यायचं नाही." आम्हाला दुसऱ्याच्या शेतात जायचं होतं, शब्द दिलेला होता. सासूबाईंनी मला दारात थांबवून कडेची पात सांभाळायला सांगितली, वेग कसा ठेवायचा ते सांगितलं, एक्सप्रेसला कसं आवरायचं ते सांगितलं, आणि आम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत सांगत राहिल्या.

संध्याकाळी घरी आले तर बाई खुर्चीत बसलेल्या, पायांना ओला चिखल आणि चेहरा असा खुललेला की मला लगेच संशय आला.

"कुठे गेला होतात?"

"आपल्याच शेतात. पट्टीचा हात असा वर धरला होता, हा बघ, कोरडा आहे. डाव्याने काढलं. पंपाजवळचा कोपरा साफ केला सगळा." आणि मुलाकडे वळून, जरा मोठ्याने, "दिसत नाही म्हणे मला."

 नवऱ्याला बरंच वाटलं असावं, कारण त्याने आईच्या चहात न सांगता जास्तीची साखर घातली. मी मात्र त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा डावा अंगठा कधीकाळी विळ्याने कापला होता. जखम भरली, पण त्यात जीव परत आला नव्हता. गरम कप त्या डाव्या हाताने धरायच्या आणि आम्ही चटके बसतात म्हणून ओरडायचो.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तशी मी शेतावर गेले. पंपाजवळचा कोपरा खरंच साफ होता. एका खोलीएवढा तुकडा, बघत राहावं असा. मधे मोकळी हवा, रोपं टवटवीत, अंतर नेटकं. मी वाकून पहिल्या रोपाला अंगठा लावला. गुळगुळीत. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. सगळा कोपरा मुका आणि बहिरा. पायाने चिखल चाचपला तर खाली भाताची रोपं, नीट मुठी करून, टाचेने दाबून पुरलेली, जशी आम्ही तणाची पुरतो. त्यांनी चाळीसेक वर्षांचं सगळं कसब वापरून तणाची निंदणी केली होती, भात काढून. निर्जीव अंगठ्याला सांधा लागला नसणार, म्हणून हाताला जे दांडगं लागलं ते घरचं धरलं, आणि खत खाऊन दांडगं झालं होतं ते तण.

मी बांधावर बसले आणि मला रडू आलं. राग पण आला, कुणाचा ते कळेना. आमच्या शेतातला एक कोपरा गेला तर गेला, त्याने आम्ही उपाशी मरणार नव्हतो. पण हे नवऱ्याने बघितलं असतं तर पुढच्या वर्षीचं बोलणं आजच पक्कं झालं असतं. बाहेर कळलं असतं तर अंगठेबहाद्दर या शब्दाला लोक दुसऱ्याच अर्थाने हसले असते. आणि त्यांना स्वतःला कळलं असतं, तर मग काय झालं असतं, ते मला मनात आणवेना. ही बाई दुसऱ्या कशाचाही अभिमान बाळगत नाही. स्वयंपाक बेताचा करते, गाते बेसूर. तिच्याकडे ती कडेची पात आहे, एवढंच.

मी सरळ रेडिओच्या घरी गेले. याला शहाणपण म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. पण तिचं घर वाटेत होतं आणि माझ्याने एकटीने राहवेना. मी सांगितलं. ती गप्प ऐकत राहिली, आणि रेडिओ गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "त्या दोघींना मी बोलावते. तू पुढे हो."

आम्ही चौघी त्या कोपऱ्यात उतरलो. आधी तण काढलं. शेतात दुसरीकडे बी दाट पडलं होतं, तिथली रोपं मुळासकट अलगद उचलून आणली आणि रिकाम्या जागी लावली. याला नांग्या भरणं म्हणतात, दर वर्षी थोडंफार असतंच. फक्त या वेळी नांगी एका खोलीएवढी होती. एक्सप्रेसचा वेग त्या दिवशी देवाने दिल्यासारखा कामी आला. शिंपीण आपल्या पद्धतीने, जवळजवळ, सरळ रेषेत लावत गेली. 

काम संपत आलं तेव्हा बांधावर टेम्पो थांबला. नवरा उतरला. "तुम्ही आज इथे कशा? शब्द दिलाय त्यांच्या शेतात जायचं होतं ना?"

 रेडिओ कंबर सरळ करून म्हणाली, "जातोय. वाटेत पाय धुवायला थांबलो."

चौघी चिखलात गुडघ्यापर्यंत, हातात रोपं, पाय धुवायला. तो आमच्याकडे बघत राहिला, मग कोपऱ्याकडे, मग बांधावर पसरलेल्या उपटलेल्या तणाच्या ढिगाकडे. टेम्पो चालवत असला तरी मुलगा त्यांचाच आहे. तो खाली बसला, ढिगातलं एक रोप उचललं आणि त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.  मग त्याने तो सगळा ढीग उचलून टेम्पोत भरला आणि कुठे लांब नेऊन टाकला. संध्याकाळी आईने कोपऱ्याचा विषय पुन्हा काढला तेव्हा तो म्हणाला, "बघितला मी. मस्त केलास." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझा त्या माणसावर फार जीव आहे, हे मी त्याला सहसा सांगत नाही.

अंगठा बरा झाला तोवर दिलेले शब्द पाळून झाले होते आणि आमच्या शेताची पाळी आली. सासूबाई सगळ्यांच्या आधी तयार. पट्टी सुटलेला अंगठा त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. पाण्यात उतरलो. त्यांनी कडेची पात धरली, शेजारी मी, मग बाकीच्या, रेडिओने सुरुवात केली, आणि ओळ चालू लागली. त्यांचा अंगठा पुन्हा त्यांचा झाला होता. खटाखट तण निघत होतं. पण कडेची पात पंपाजवळूनच जाणार होती, आणि आम्हा चौघींचं लक्ष तिकडेच. आठवडा उलटला होता, रोपं रुजली होती, हिरवी झाली होती. नुसत्या डोळ्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. सासूबाईंच्या बाबतीत डोळ्यांचा प्रश्नच नव्हता, ही गोष्ट आमच्या लक्षात राहायला हवी होती.

कोपऱ्यात शिरल्यावर त्यांचा अंगठा थांबला. एका रोपावरून दुसऱ्यावर गेला. मग तिसऱ्यावर. मग त्या हात सरळ नेत गेल्या, आणि प्रत्येक वेळी जिथे हात पडला तिथे रोप होतं, सारख्या अंतरावर, एका रेषेत. थेट बांधापर्यंत. रेडिओ बोलायची थांबली.

"काय गं," सासूबाई म्हणाल्या, मान खालीच. "फेकलेलं बी ओळीत उगवतं का?"

 शेवटी रेडिओच म्हणाली, "उगवतं कधी कधी."

"आणि मशीनवर टीप मारावी तसं?"

शिंपीण एवढी खाली वाकली की तिचं नाक पाण्याला लागायचं राहिलं. सासूबाईंनी चिखलात हात घातला. खाली खोल, जिथे ती त्यांनी स्वतः दाबली होती, तिथली एक कुजत आलेली रोपांची जुडी वर आली. सांधा जिभेसकट अजून शाबूत होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.  मग त्यांनी ती जुडी परत आत सारली, टाचेने दाबली आणि हात पाण्यात धुतले.

मग त्या सरळ झाल्या. मला वाटलं, आता बांधावर चढतात आणि घरी जातात, आणि मग सगळं संपलंच. त्या चढल्या नाहीत. पाणी कापत ओळीच्या मागून चालत गेल्या आणि रेडिओ आणि एक्सप्रेसच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "सरका गं जरा," त्यांना म्हणाल्या. मग मला, "कड तू धर. बांधाकडे वाकायला माझ्या कंबरेला त्रास होतो."

त्यांच्या कंबरेला आयुष्यात कधी काही झालेलं नाही. मी कडेला सरकले.

रेडिओने पुन्हा सुरू केलं, आधी जरा घोगरं, मग नेहमीसारखं. पाती पुढे सरकू लागल्या. कडेच्या पातीत मागे कुणाकडे बघता येत नाही, सगळ्या तुमच्याकडे बघत असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी मुद्दाम हळू चालले. तरी माझी पात आधी संपली. बांध समोर होता, त्यावर चहाची किटली होती. मी वळले आणि मधल्या पातीला पलीकडून लागले.

सासूबाई आणि मी समोरासमोर आलो. मधे वीतभर तण राहिलं होतं. त्यांनी ते काढलं, पण दाबलं नाही. मूठ माझ्यापुढे धरली. असं त्यांनी कधी कुणापुढे धरलं नव्हतं, लोक त्यांच्यापुढे धरायचे. मी मुठीवरून अंगठा फिरवला. सगळे सांधे गुळगुळीत होते. एकही घरचा नव्हता.

"दाबा," मी म्हटलं.

त्यांनी मूठ चिखलात दाबली. मग हळूच, रेडिओला ऐकू जाणार नाही अशा बेताने, विचारलं, "फार मागे पडले होते का गं मी?"

"कोण?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना जवळचं दिसत नाही हे माहीत असूनही मी डोळे पुसून घेतले. मग आम्ही सगळ्या एकदम बांधावर चढलो.